मामीची मिरची

भाची : चिठ्ठी पालथी ठेव, मामा. माझी अजून लिहून व्हायचीय.

मामा : तुझं नेहमीचंच. घोट एवढासा आणि निबंध केवढा! तुझी मामी तीन ओळींत उरकायची.

भाची : मामी या बिअरच्या टाक्यांपाशी पंचवीस वर्षं होती, मी तीन. हं, झालं माझं. वाच तुझी.

मामा : तू वाच आधी.

भाची : थोरल्यापासून सुरुवात. आधी लिहायचं, मग बोलायचं, म्हणजे कुणी कुणाच्या जिभेमागे जात नाही. नियम मामीचा आहे, माझा नाही.

मामा : मला नियम शिकव आता. ऐक. "रंग काळा, काठाला तांबूस. फेस दाट, टिकतो. वास : आधी चॉकलेट, मग भाजलेल्या माल्टचा, आणि अगदी मागे नव्या कातडी चपलेचा. चव : चॉकलेट छान उतरलंय. मिरची शेवटी येते, मोजकी." बस्स. उद्या बाटल्या भरायला घेऊ.

भाची : मिरची मोजकी?

मामा : मोजकी.

भाची : मामा, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. कान तापलेत. ओठ आहेत की गेले ते हात लावून बघावं लागतंय.

मामा : तुला लहानपणापासून तिखट सोसत नाही. मिरी दिसली तरी ठसका लागायचा.

भाची : माझं सोड. मामी काय म्हणायची? चॉकलेटने बोलायचं आणि मिरचीने मागून नुसतं खाकरायचं. ही खाकरत नाहीये, मामा. ही दार फोडून आत आलीय.

मामा : बरं, जरा जास्त पडली असेल. त्यात एवढं काय? वाच तुझी चिठ्ठी.

भाची : माझ्या चिठ्ठीत बिअरबद्दल एकच ओळ आहे. "मिरचीपुढे काही कळत नाही." बाकीचं तुझ्याबद्दल लिहिलंय.

मामा : माझ्याबद्दल? माझी चव घेतलीस की काय?

भाची : "मामाच्या ग्लासात मी दोन मोठे चमचे गुलाबपाणी घातलं होतं."

मामा : काय घातलं होतंस?

भाची : गुलाबपाणी.

मामा : म्हणजे मी मघापासून अत्तर पितोय?

भाची : अर्धा ग्लास संपवलास. वर म्हणालास, चॉकलेट छान उतरलंय.

मामा : हा काय पोरकटपणा? कामाच्या वेळी असल्या चेष्टा मला खपत नाहीत. आणि मला सर्दी झालीय.

भाची : कधीपासून?

मामा : परवापासून.

भाची : परवा भट्टीवर माल्ट करपला. मी रस्त्यापलीकडून धावत आले, समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक तसंच अर्धं सोडून मला विचारलं, काय जळतंय म्हणून. आणि तू भट्टीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसला होतास. मला बघून म्हणालास, "काय गं, एवढी धापा का टाकतेस?"

मामा : पेपरात गुंतलो होतो.

भाची : आणि ती कातडी चप्पल?

मामा : कुठली चप्पल?

भाची : "अगदी मागे नव्या कातडी चपलेचा." हे मामीचं वाक्य आहे. बिस्किटांच्या डब्यात तिच्या सगळ्या चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीत. गेल्या खेपेला तू लिहिलंस, "उन्हात तापलेल्या फळीचा." तेही तिचंच. मला वाटायचं, तिच्या आठवणीने लिहितोस. म्हणून मी ब्र काढला नाही.

मामा : तिच्या आठवणीनेच लिहितो.

भाची : मामा, माझ्याकडे बघ. ग्लासात नको बघूस. तुला वास येत नाही ना?

मामा : नाकाने कांदे सोलायची सवय आईकडून उचललीस तू.

भाची : येतो की नाही?

मामा : नाही येत.

भाची : अजिबात?

मामा : अजिबात. झालं समाधान?

भाची : कधीपासून?

मामा : तो ताप आला होता ना मला, दहा दिवसांचा? तू सूप करून आणायचीस आणि मी म्हणायचो, छान झालंय.

भाची : ते मीठ न घालता केलेलं असायचं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मामा : मला काय कळतंय! ताप उतरला त्या दिवशी सकाळी दात घासायला गेलो. पेस्ट तोंडात घातली, तर खडू. मला वाटलं, नळी जुनी झाली असेल. नवी फोडली. तीही खडूच. मग इथे खाली आलो, कोकोच्या भरडीच्या पोत्यात तोंड खुपसलं. नुसतं तोंड माखलं. पोत्याचं गोणपाट तेवढं गालाला खरखरीत लागलं.

भाची : चौदा महिने झाले त्या तापाला.

मामा : तू मोजत बस. मी सोडून दिलं.

भाची : चौदा महिने तू रोज माझ्याबरोबर चव घेतलीस, मान डोलावलीस, चिठ्ठ्या लिहिल्यास. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?

मामा : काय सांगायचं? बिअर बनवणाऱ्याचं नाक गेलं म्हणून? गवंड्याने सांगत फिरावं का, मला भिंत दिसत नाही? आणि येईल परत असं वाटत होतं. आज येईल, उद्या येईल.

भाची : डॉक्टर काय म्हणाला?

मामा : म्हणाला, येईल किंवा येणार नाही. हे सांगायला एवढं शिकावं लागतं त्यांना. रोज हुंगायला चार बाटल्या दिल्यात.

भाची : लिंबू, लवंग, निलगिरी, गुलाब. पान्यांच्या खणात, मागच्या बाजूला, फडक्यात गुंडाळून.

मामा : माझे खण उचकतेस?

भाची : बारा नंबरचा पाना शोधत होते. बाटल्या घेऊन औषधांच्या दुकानात गेले, तिथल्या बाईंनी सांगितलं कशाला असतात त्या. मग घरी येऊन रडले. आणि आज गुलाबपाणी घातलं.

मामा : सगळं सोडून गुलाबच बरा सापडला. रोज सकाळी पहिली बाटली गुलाबाची असते. हुंगायचं आणि डोळे मिटून गुलाब आठवायचा. मी आठवतो. गुलाब काही येत नाही.

भाची : मामीच्या कृतीच्या वहीत मिरच्या किती आहेत?

मामा : सात.

भाची : तू किती घातल्यास?

मामा : एकवीस.

भाची : एकवीस! आणि पुरचुंडी टाकीत दोन दिवस ठेवायची, ती?

मामा : आठ दिवस होती.

भाची : अरे मामा!

मामा : अगं, मिरचीला नाक लागत नाही! ती जाळते, तेवढं कळतं मला. पहिल्या दिवशी नळ सोडून घोट घेतला, तर जिभेच्या टोकाला काहीतरी झालं. इतक्या महिन्यांनी तोंडात काहीतरी घडलं. दुसऱ्या दिवशी अजून सात टाकल्या. तिसऱ्या दिवशी अजून सात. रोज सकाळी चहाच्या आधी टाकीपाशी जाऊन उभा राहायचो मी. तुला हसू येईल, पण त्या एका घोटासाठी अंथरुणातून उठायचो.

भाची : मला हसू नाही येत.

मामा : तर मग नाक पूस. आणि टाकी ओतून टाकू नकोस.

भाची : ओतायची कशाला? दोन नंबरच्या टाकीत साधी काळी आहे, कोको घातलेली, मिरचीविना. तीन भाग ती आणि एक भाग ही. बाटल्या भरायला आठवडाभर उशीर होईल, एवढंच. पण कुठवर आणायचं तिखट, हे मला ठरवता आलं पाहिजे ना? मी मामीच्या हातची ही काळी बिअर, तिची स्टाउट, कधी प्यायलेच नाही.

मामा : एकदाही?

भाची : मी आले आणि पहिल्याच वर्षी ती गेली. तिने भरलेल्या शेवटच्या बाटल्यांना तीन आठवडे मुरू द्यायचं होतं. सोळाव्या दिवशी ती गेली. बाटल्या ठरलेल्या गिऱ्हाइकांकडे गेल्या आणि तू म्हणालास, घरात एकही उघडायची नाही.

मामा : जिवावर आलं होतं माझ्या. दर वर्षी पहिली बाटली आम्ही दोघं उघडायचो, या टेबलाशी. ती चिठ्ठी लिहायची, मी लिहायचो, आणि मग भांडण. ठरलेलं. मी म्हणायचो, "मिरची घातलीच नाहीस." ती म्हणायची, "घातलीय हो. तुमचं सगळं लक्ष चॉकलेटात." मी म्हणायचो, "सात मिरच्या मोजून मीच दिल्या, गेल्या कुठे?" ती म्हणायची, "थांबाल तर येईल ना! तुम्ही घोट गिळत नाही तोवर दुसरा घेता." पंचवीस वर्षं हेच. एकदाही मला ती मिरची लागली नाही, शपथेवर सांगतो. मी मुद्दाम चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायचो, "मिरची : गैरहजर."

भाची : त्याही आहेत डब्यात. तुझ्या चिठ्ठ्यांच्या मागे तिने पेन्सिलीने लिहिलंय, "हजर होती."

मामा : कुठे?

भाची : मागच्या बाजूला. सगळ्यांच्या मागे. तू पाहिलं नव्हतंस?

मामा : नाही. वाचून झालेली चिठ्ठी कोण उलटून बघतं! बघ, त्या शेवटच्या खेपेचं भांडण राहूनच गेलं.

भाची : म्हणून ती एक बाटली ठेवलीस?

मामा : तुला बाटलीही ठाऊक आहे? काय ठेवलंयस तू माझं झाकून?

भाची : जिन्याखालच्या कपाटात, रिकाम्या पोत्यांच्या मागे. चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात तारीख आहे. मी हात लावला नाही, फक्त पाहिली. मामा, उघडू या ती?

मामा : नाही.

भाची : मला मापासाठी हवीय. ती प्यायल्याशिवाय हिला कुठे आणायचं, ते मला कसं कळणार?

मामा : नाही म्हटलं ना. नाक आलं की उघडीन. आधी धीर झाला नाही, धीर झाला तेव्हा नाक गेलं. तिच्या हातचं तेवढं एकच उरलंय. ते खडूसारखं पिऊ? तोंडात पाणी घोळवल्यासारखं घोळवू आणि संपवू? नाक येऊ दे. मग बसेन मी सावकाश. तोवर तिचा एप्रन आहे. तो बघितला की मला धीर वाटतो, म्हटलं हेही थांबलंय माझ्यासाठी.

भाची : कुठला एप्रन?

मामा : तिचा, निळा. खुंटीवरचा. मी कुणाला हात लावू दिला नाही त्याला. माल्ट, साबण आणि ती, सगळं आहे त्यात. रोज जाता-येता नाकाला लावतो. येत काहीच नाही, पण आहे ना तिथे. ज्या दिवशी नाक उघडेल त्या दिवशी पहिला तोच... काय गं? तुझा चेहरा असा का पडला?

भाची : मामा.

मामा : काय झालं?

भाची : मी तो धुतला.

मामा : काय धुतलं?

भाची : एप्रन. महिना झाला. त्याला बुरशीचा वास यायला लागला होता. खुंटीमागची भिंत ओलावलीय. मला वाटलं, तुला त्रास होत असेल. गरम पाण्यात, दोनदा धुतला. वाळवून पुन्हा तिथेच टांगला. तू काही बोलला नाहीस म्हणून... मला माहीत नव्हतं रे, मामा. खरंच माहीत नव्हतं.

मामा : महिना झाला?

भाची : हो.

मामा : म्हणजे महिनाभर मी साबणाच्या पावडरीला तोंड लावतोय.

भाची : मला मार, ओरड, काहीतरी कर. असा बसू नकोस.

मामा : तुला काय ओरडू? नाक असतं तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं मला. बोंब मारली असती. आणि बुरशी म्हणतेस ना? म्हणजे धुवायच्या आधीच ती त्यातून गेली होती.

भाची : थोडी गेली होती.

मामा : खरं सांग.

भाची : बरीच गेली होती. मी नाकाला लावला होता. बुरशीच होती.

मामा : आणि बाटलीचं? तीही अशीच जाणार?

भाची : दोन वर्षं झालीत. काळी बिअर टिकते, पण कायमची नाही. आधी चॉकलेट ओसरतं. मग ओल्या पुठ्ठ्याचा वास धरते. तुझं नाक कधी येईल ते डॉक्टरला सांगता येत नाही. बाटली काय करणार आहे ते मात्र मी सांगू शकते.

मामा : ती दवाखान्यातून परत आली की पहिली बाटली उघडायची, असं ठरलं होतं आमचं. तेव्हाही मी थांबलोच होतो.

भाची : हो.

मामा : जा. आण.

भाची : नक्की?

मामा : मी विचार बदलायच्या आत आण. आणि ते दूध दे इकडे, पावाचा तुकडाही दे. तोंडात तुझ्या त्या एकवीस मिरच्या बसल्यात.

भाची : माझ्या?

मामा : बरं बाई, माझ्या.

(अर्धा तास. बाटली टेबलावर उभी आहे. दोघांपैकी कुणी तिला हात लावलेला नाही.)

भाची : आता गाळ तळाशी बसला असेल. उघडू?

मामा : मी उघडतो. झाकण जपून काढायचंय. वाकवायचं नाही.

भाची : थांब, ग्लास तिरका धरते. सावकाश ओत. तळाचा गाळ येऊ देऊ नकोस.

मामा : मला शिकवतेस!

भाची : फेस आलाय, मामा. दोन वर्षांनी फेस आलाय बघ.

मामा : तिची झाकणं कधी सैल बसायची नाहीत. चल, आधी तू. आणि एक सांगतो, मला बरं वाटावं म्हणून गोड करून सांगायचं नाही. जे असेल ते.

भाची : जे असेल ते. वास घेते. पहिल्यांदा पुठ्ठा आहे.

मामा : आहे?

भाची : काठाला आहे, थोडा. ग्लास हलवते. आता मागे जातोय. चॉकलेट आहे, मामा. मोठं नाही. घरात कुणी आधीच खाल्लं आणि आपण नंतर खोलीत आलो, एवढं.

मामा : आणि?

भाची : आणि... थांब हं. चप्पल! अरे, खरंच आहे! मला वाटायचं मामी काहीतरी लिहायची. नव्या चपलेचं खोकं उघडल्यासारखं.

मामा : सांगितलं नव्हतं? लोक हसायचे तिला. पुढे?

भाची : आता घोट घेते. कडू, पण गोडाच्या आत. जिभेवर जाड बसते. चॉकलेट वासात कमी आणि तोंडात जास्त आहे. छान आहे, मामा. उतरलीय थोडी, पण छान आहे.

मामा : आणि मिरची?

भाची : नाही लागली.

मामा : बघ! मी काय म्हणत होतो पंचवीस वर्षं?

भाची : घे आता तू.

मामा : नको. तू पी सगळी. तुला माप कळलं पाहिजे. माझ्या तोंडात जाऊन काय उपयोग?

भाची : मामा, मी तुला गुलाबपाणी पाजलं, तुझा एप्रन धुतला. आता ही तुझ्या वाटची पण मीच पिऊन टाकली, तर मला आयुष्यभर झोप लागणार नाही. एक घोट घे.

मामा : एकच.

भाची : एकच. आणि मामी म्हणायची तसं कर. गिळ आणि थांब.

मामा : हं, गिळला.

भाची : काय लागतंय?

मामा : पाणी. जाड पाणी. फेस टाळूला लागून फुटतोय. बाकी काही नाही. खडूसुद्धा नाही. घे, ठेव तो ग्लास.

भाची : थांब ना जरा.

मामा : अगं, कशासाठी थांबू? मला ठाऊक होतं असंच होणार. तिथे कपाटात होती ती बरी होती. निदान...

भाची : निदान काय?

मामा : थांब, थांब.

भाची : काय झालं?

मामा : घशात.

भाची : काय घशात? पाणी देऊ?

मामा : पाणी नको. अगदी मागे. उजवीकडे. बारीक.

भाची : मिरची?

मामा : खाकरतेय गं.

भाची : खरंच?

मामा : पुढे काही नाहीच ना आता. ना चॉकलेट, ना माल्ट, ना चप्पल. मधलं सगळं निघून गेलंय, म्हणून ऐकू आली. घातली होती गं तिने. दर वर्षी घातली असणार. आणि मी दर वर्षी गैरहजर लिहीत गेलो.

भाची : चिठ्ठी देऊ? आधी लिहायचं असतं.

मामा : दे. नको, आत्ता नको. जरा बोलू नकोस. अजून आहे.